यादींत बारा, पेटींत सात

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांतील हस्तलिखितांचा संग्रह वाचकांस ऐकून ठाऊक असेल. तो जमविण्यांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं आयुष्य वेंचलें. आमच्या जळगांवच्या घरींहि वडिलार्जित सात बाडें होतीं; तीं तेथेंच द्यावीं असें आम्हीं ठरविलें.

बाड म्हणजे एकसंध ग्रंथ नव्हे. त्यांत आरत्या, पदें, एखादें स्तोत्र, आणि मागच्या पानावर आजोबांनीं टिपलेलें खोकल्याचें औषधहि! शिवाय तीच आरती दुसऱ्या बाडांतहि आढळते. एका बाडांत अनेक रचना, एक रचना अनेक बाडांत, असा हा दुहेरी संबंध.

आमच्या पुतण्यानें त्यांची नोंदवही संगणकावर 'जँगो' नांवाच्या चौकटींत मांडली. (ही चौकट २००५ सालीं खुली झाली, नांव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचें. नोंदवहीस वादकाचें नांव आमच्या पिढीस सुचलें नसतें.) गणपतीची आरती अथवा रामाची भूपाळी ज्यांत आहे अशीं बाडें किती, असें त्यानें विचारलें. उत्तर आलें १२. तीच यादी पेटीबरोबर धुळ्यास धाकट्या बंधूंकडे गेली.

"दादा, यादींत बारा, पेटींत सात. पांच कोठें राहिलीं?"

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न साधा नसतो. दोन दिवस घरांत कोणी मोकळेपणीं बोललें नाहीं.

पुतण्यानें शेवटीं उलगडा केला. अशा संबंधासाठीं जँगो बाडें व रचना यांखेरीज तिसरें कोष्टक राखतो; त्यांतील प्रत्येक ओळ म्हणजे एक बाड व एक रचना यांची जोडी. संबंध द्विष्ठ असतो हें नैयायिकांचें म्हणणें येथें अक्षरशः खरें! सातांपैकीं पांच बाडांत आरती व भूपाळी दोन्ही होत्या; तीं दोनदां आलीं. बारा हा आंकडा खोटा नव्हता, तो जोड्यांचा होता. प्रश्नास 'डिस्टिंक्ट' हा एक शब्द जोडतांच सात आले.

दुसरी खोंच याहून वाईट. एकाच प्रश्नांत बाडाच्या रचना आणि लेखनिक दोन्ही मोजूं गेल्यास चार रचना व दोन लेखनिक यांचा गुणाकार होऊन दोन्हीकडे आठ दिसतात. तेथेंहि प्रत्येक मोजणीस तोच शब्द लागतो.

बंधूंस नवी यादी पोंचली. जुना बारांचा कागद त्यांनीं अद्याप परत केलेला नाहीं.