नंबर नाही, तर जंगलात गाडीही नाही!

पहिला पाऊस पडला की आंबोलीच्या जांभ्या कातळावर उथळ डबकी साचतात. २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदलेला ‘आंबोली टोड’ हा भेक त्याच डबक्यांत अंडी घालतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अति संकटग्रस्त’ आहे. आणि चिखल उडवण्याच्या हौसेने डर्ट बाईकवाले सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळपठारांवर, चढतात, तेही याच दिवसांत.

सड्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो. गेंद, सीतेची आसवं, कवला ही फुलं तेवढ्याच मातीत रुजतात. दातेरी टायर जागेवर गरगरला की तो थर उखडतो, चर पडतो, आणि पुढच्या सरीत उरलेली मातीही वाहून जाते. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्याच्याकडे निदान लक्ष तरी असतं. गावोगावच्या बिननावाच्या सड्यांना कोण वाली?

सड्यांवर येणाऱ्या काही गाड्यांना नंबरप्लेटच नसते. कावासाकीची केएक्स मालिका भारतात मिळते ती बंदिस्त ट्रॅकसाठी. रस्त्यासाठी तिची आरटीओत नोंदणी होत नाही. तरीही ‘रस्त्यावर कुठे नेतो, जंगलातच तर चालवतो’ अशी सबब दिली जाते. ती खोटी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ३९ नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणीच नव्हे, तर अन्य कोणत्याही ठिकाणी चालवायला मनाई करतं. सूट आहे ती बंदिस्त आवारापुरत्या बनवलेल्या खास वाहनांना. राखीव जंगल हे कुणाचं बंदिस्त आवार नाही!

नोंदणी नाही म्हणजे विमाही नाही. पायवाटेवर धडक बसून गुराख्याचा पाय मोडला, तर भरपाई कुणाकडे मागायची? गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हौसेने गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांनी हे वाचून ठेवावं.

एक्सपल्ससारख्या नोंदणीकृत गाडीचा नंबर म्हणजेही जंगलाचा परवाना नव्हे. राखीव वनातली घुसखोरी १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा ठरते, आणि अभयारण्यात परवानगीविना शिरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

डर्ट बाईक चालवणं हे पाप नाही, तो खेळ आहे. त्याला जागा हवी. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्येच त्यासाठी कायदा केला. तिथे अशा गाडीची सरकारी नोंद होते, तिच्यावर स्टिकर लागतं, आवाजाला मर्यादा आहे, वणवा टाळायला सायलेन्सरमध्ये ठिणगीरोधक जाळी लागते, आणि फीचा पैसा वाटांच्या देखभालीला जातो. अमेरिकेच्या वन खात्याने २००५ च्या नियमानुसार प्रत्येक राष्ट्रीय वनात गाड्यांना खुल्या वाटांचे नकाशे काढले. नकाशात वाट नसेल, तर गाडी न्यायची नाही.

महाराष्ट्रातही हे होऊ शकतं. सडे आणि देवराया सोडून, पडीक जमिनीवर किंवा बंद खाणींत ट्रॅक आखावेत. नोंदणी नसलेली गाडी विकणाऱ्याने ती कुठे चालवता येणार नाही हे पावतीवर लिहून द्यावं. तोवर सड्यावर अशी गाडी दिसली, तर अंगावर धावून जाऊ नका. फोटो, ठिकाण आणि वेळ टिपून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय परतू नका.