आश्रय मिळाला, उपजीविकेचे काय?

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नायजेरियातील ख्रिस्ती समाजाच्या छळाचा दाखला देत त्या देशाला ‘विशेष चिंतेचा देश’ म्हणून घोषित केले. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांच्या प्रशासनाने २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी निर्वासितांच्या प्रवेशाची मर्यादा प्रसिद्ध केली : अवघी ७,५००, आणि त्यातील बहुतेक जागा दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानेर गोऱ्यांसाठी. आधीच्या वर्षासाठी बायडेन प्रशासनाने हीच मर्यादा १,२५,००० ठेवली होती. छळाचा निषेध आणि छळ झालेल्यांना दिलेला आधार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या लागोपाठच्या दोन दिवसांनी स्पष्ट केले.

या अंतराची सर्वाधिक झळ धर्मांतरितांना बसते. इराणच्या राज्यघटनेतील १३ वे कलम झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती या अल्पसंख्याकांना मान्यता देते. परंतु ती मान्यता जन्माने ख्रिस्ती असलेल्या आर्मेनियन वा असीरियन कुटुंबांच्या वाट्याला येते. इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेल्यांच्या नव्हे. त्यांच्यावर राष्ट्रीय सुरक्षेला बाधा आणल्याचे खटले भरले जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने विविध देशांच्या सुमारे ३०० स्थलांतरितांना विमानाने पनामाला धाडले, त्यांत असे काही इराणी धर्मांतरितही होते. आश्रयासाठी बाजू मांडण्याची संधीच मिळाली नाही, असे त्यांनी तेथून पत्रकारांना सांगितले.

ज्यांना अमेरिकेत पाय ठेवता येतो त्यांचाही प्रश्न तेथे संपत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना या देशात पहिले घर, पहिली ओळख वा नोकरीची पहिली बातमी कोणा ना कोणा गाववाल्याकडून, महाराष्ट्र मंडळातून मिळालेली असते. निर्वासितांचेही तसेच असते. धर्मांतरिताला मात्र हाच आधार घेता येत नाही. दुभाषा, खोली भाड्याने देणारा, किराणा दुकानात पहिले काम देणारा हे बहुधा त्याच्याच देशाचे असतात आणि त्यांच्यापुढे आपली श्रद्धा उघड करण्याचे त्याला भय वाटते. मायदेशातील नातलगांनी दार लावलेले, वारसा गेलेला, जुन्या मालकाकडून शिफारसपत्र मिळण्याची आशा नाही. म्हणजे इतर निर्वासितांपेक्षा त्याला संस्थांच्या मदतीची गरज अधिक असते.

नेमक्या त्याच संस्था आज खिळखिळ्या झाल्या आहेत. १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर येथे सरकारी पैसा आणि धर्मादाय संस्थांचे मनुष्यबळ यांची जोड उभी राहिली. नव्याने आलेल्याला पहिले ९० दिवस घर, शाळा, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि नोकरी मिळवून देणे हे तिचे काम. जानेवारी २०२५ मध्ये प्रवेश स्थगित झाले, निधी अडला. वर्ल्ड रिलीफ, चर्च वर्ल्ड सर्व्हिस यांना कर्मचारी कमी करावे लागले आणि कॅथलिक बिशपांच्या परिषदेने सरकारशी असलेले करार न वाढवण्याचे एप्रिलमध्ये जाहीर केले. निर्वासितांचे रोख साहाय्य १२ महिन्यांवरून ४ महिन्यांवर आले. जुलैमधील कायद्याने ग्रीन कार्ड मिळेपर्यंतचे त्यांचे अन्नसाहाय्यही काढून घेतले. आश्रयासाठी येथे येऊन अर्ज करणाऱ्याची स्थिती याहून कठीण. कामाच्या परवान्यासाठी त्याला १५० दिवस थांबून मग अर्ज करावा लागतो, आणि पहिल्या परवान्यासाठी २०२५ मध्ये ५५० डॉलर शुल्क लागू झाले. कमावण्याचा हक्क मिळण्यापूर्वीच ही रक्कम त्याने कोठून आणावी?

मराठी समाजाला हा प्रश्न अपरिचित नाही. धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा हिंदुस्थानात १८५० मध्ये झाला. पण कायद्याने वाटा मिळाला तरी वाळीत पडलेल्याला काम कोण देणार, हा प्रश्न उरलाच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराची जी वाताहत झाली, ती ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना ठाऊक आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली व तिने दहा वर्षांच्या आर्थिक पाठबळाची हमी घेतली. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढे केडगावच्या ‘मुक्ती’त स्त्रियांना विणकाम, छपाई असे हातचे उद्योग शिकवले गेले. तेथे उपदेशाइतकेच कौशल्यालाही महत्त्व होते.

याच इतिहासात एक इशाराही आहे. सदनातील मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो, या वादातून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मदत आणि धर्मप्रसार एकाच दारातून येतात असा संशय निर्माण झाला की खऱ्या गरजवंताचेच नुकसान होते. आश्रयासाठी खोटे धर्मांतर करणारेही असतात. त्यांची छाननी न्यायाधीशांनी जरूर करावी. मदत करणाऱ्याने मात्र श्रद्धेची परीक्षा घेऊ नये आणि तिची अटही घालू नये.

धर्मांतराविषयी आपल्यात तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. पण मत बदलले म्हणून माणसाची भाकरी हिरावली जाऊ नये, एवढ्यावर एकमत होण्यास हरकत नसावी. आपल्या व्यावसायिकांपाशी धर्मांतरिताला हवी असलेली नेमकी गोष्ट आहे : नोकरीच्या बाजाराची ओळख. परदेशी पदवीचे मूल्यांकन, परवाना परीक्षेची वाट, मुलाखतीची तालीम, आपल्या कंपनीत एक शिफारस. अपवर्डली ग्लोबलसारख्या संस्था याच कामासाठी स्वयंसेवक घेतात. स्थानिक पुनर्वसन संस्थांना वकील, लेखापाल हवे आहेत. दुभाषा त्याच्या ओळखीतला नसावा, नाव कोठे छापू नये, समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकू नये, एवढे पथ्य पाळावे. सरकारी मदत चार महिन्यांची असताना सहाव्या महिन्यात त्याच्याजवळ नोकरी असेल की नाही, हे बरेचसे अशा साहाय्यावर अवलंबून राहणार आहे.