प्रयोगाची खरी कसोटी

दरवर्षीं शाळाशाळांतून विज्ञान-प्रदर्शनें भरतात. टेबलांवर रंगविलेल्या, दिव्यांनीं झगमगणाऱ्या प्रतिकृती मांडलेल्या असतात आणि जवळ उभे असलेले विद्यार्थी पाठ केलेली माहिती न अडखळतां सांगतात. परंतु, “ही वस्तु कोणासाठीं केलीस? त्या माणसानें ती वापरून पाहिली काय?” असें विचारतांच बहुधा उत्तर मिळत नाहीं. कांहीं प्रतिकृती तर बाजारांतून विकत आणलेल्या असतात. याचा दोष एकट्या मुलांवर लादणें न्यायाचें नाहीं. आपण वडील माणसें पारितोषिक चकाकीला देतों. मग मुलांनीं चकाकीच आणली तर नवल तें काय?

शास्त्रीय प्रयोगाची खरी कसोटी प्रदर्शनाच्या टेबलावर नसून, ज्याच्यासाठीं तो करावयाचा त्याच्या चुलीपाशीं, विहिरीपाशीं किंवा शेतांत असते, असें माझें मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ एका विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचें उदाहरण पुढें ठेवितों.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत एमी स्मिथ या विदुषींनीं २००२ सालीं एक वर्ग सुरू केला. तोच पुढें ‘डी-लॅब’ या नांवानें प्रसिद्धीस आला. या वर्गाचे विद्यार्थी प्रथम हैती या कॅरिबियन समुद्रांतील गरीब देशांत गेले. तेथें स्वयंपाक बहुतांशीं लांकडी कोळशावर होतो. कोळशासाठीं झाडें तुटतात आणि डोंगर उघडे पडतात. ऊंसाचा रस काढल्यावर उरणारीं चिपाडें मात्र तेथें विपुल. विद्यार्थ्यांनीं तीं तेलाच्या जुन्या पिंपांत पेटविलीं, नंतर पिंपाचें तोंड बंद करून हवा तोडली, आणि त्यांची राख होऊं न देतां कोळसा केला. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्या कसाव्याच्या खळींत तो चुरा मळून त्याच्या वड्या पाडल्या. लागणारें सामान खेड्यांतच मिळण्याजोगें होतें.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. हीच कृति घेऊन ही मंडळी भारतांतील एका खेड्यांत आली, तों तेथें ऊंस नव्हता. तेव्हां त्यांनीं गव्हाचें काड घेतलें आणि खळीऐवजीं शेण वापरलें. त्यानंतर असें आढळलें कीं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा तशाच्या तसा कोळसा होतो. तो मळावा लागत नाहीं, त्याच्या वड्या पाडाव्या लागत नाहींत. एवढ्या परिश्रमानें बसविलेली वड्यांची युक्ति अशा ठिकाणीं अनावश्यक ठरली, आणि तसें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. आपल्या चातुर्यापेक्षां दुसऱ्याची सोय मोठी मानणें, हीच संशोधकाची पहिली दीक्षा होय.

आपल्या महाराष्ट्रांतही असें काम झालेलें आहे. ऊंस तोडल्यावर उरणारें पाचट शेतकरी बहुधा शेतांतच जाळून टाकतात. त्यापासून कोळसा करण्याची रीत, डॉ. आनंद कर्वे यांनीं १९९६ सालीं स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेनें सिद्ध केली. तीबद्दल २००२ सालीं संस्थेस इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. कोळशाचा धूर थोडा असला तरी त्याचा वायु घातक असतो, म्हणून शेगडीस मोकळी हवा हवीच, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

चुलीचा प्रश्न क्षुल्लक नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणें २०२० सालीं घरांतील धुरानें दूषित झालेल्या हवेमुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं.

कोणी म्हणेल, “तीं विद्यापीठांतील मुलें, आमच्या आठवींतल्या मुलास हें कसें साधावें?” पण भात शिजावयास किती लांकूड लागतें तें तराजूनें तोलणें, झांकण ठेवून व न ठेवतां पाणी किती वेळांत उकळतें तें घड्याळानें मोजणें, आणि “आई, या चुलीपाशीं तुला कसला त्रास होतो?” असें विचारणें, यांस विद्यापीठ लागत नाहीं; लागते ती आस्था व चिकाटी.

म्हणून माझी सूचना अशी कीं, प्रदर्शनांत प्रतिकृतीशेजारीं विद्यार्थ्याची वही असावी. कोणास विचारलें, काय मोजलें आणि काय फसलें, या तीन गोष्टी तींत त्याच्याच हातच्या असाव्यात, आणि पारितोषिक त्या वहीस द्यावें. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणें लिहिणाऱ्या मुलास गुण कमी मिळूं नयेत. पालकांस विनंती इतकीच कीं, मुलास तयार वस्तु आणून देऊं नका. आपल्या घरांतील एखादी अडचण त्याच्या हवालीं करा.

शेजाऱ्याची सेवा हें आपल्या शाळेचें ब्रीद प्रार्थनेच्या वेळीं आपण ऐकतों. तें प्रयोगशाळेच्या दारांतून आंत शिरलें, तर विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या ओबडधोबड प्रयोगांतूनही एखाद्या माउलीच्या डोळ्यांतलें पाणी थांबेल. त्याहून मोठें पारितोषिक कोणतें?