काजूच्या बागेला रिव्हॉल्वर कशाला?

रानडुकरं काजूत शिरतात, गवे कुंपण मोडतात, घरं एकमेकांपासून लांब. तेव्हा कमरेला रिव्हॉल्वर हवंच, आणि घ्यायचंच तर महागातलं घ्यावं, असं सांगणारे गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत भेटतात. त्यांची भीती खरी आहे, पण उपाय साफ चुकीचा आहे.

पीकरक्षणासाठी 1959 च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम ठासणीची बंदूक सांगतं. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची. रिव्हॉल्वरसाठी मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. हा भेद योग्यच आहे. ठासणीच्या बंदुकीचा नुसता बार डोंगरभर घुमतो आणि कळप पांगतो. रिव्हॉल्वरच्या गोळीने गवा जागीच पडण्याची आशा धरू नये. तो जखमी होऊन उलटेल. शिवाय तो गोव्याचा राज्यप्राणी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला.

जिवाला खरोखर धोका असलेल्या एखाद्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. पण त्यानेही किमतीवरून दर्जा ठरवू नये. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर 2014 मध्ये आलं तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होतं, वजन अवघं 500 ग्रॅम. हत्यार जितकं हलकं, तितका हाताला झटका जास्त, हे विसरू नये. दर्जा पाहायचा तो दुकानदारासमोर, हत्यार रिकामं असल्याची खात्री करून. त्याच्या परवानगीने घोडा मागे ओढा आणि चक्र बोटांनी हलवून बघा. ते डगमगलं तर कप्पा नळीच्या रेषेत नीट येत नाही, गोळी कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. ही परीक्षा प्रत्येक कप्प्यावर घ्यावी. एक बरोबर निघाला म्हणून बाकीचे बरोबर असतीलच असं नाही. मग नळीत उजेड टाकून गंज बघावा. आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवलेलं हत्यार हमखास गंजतं. साधं पोलादी .32 बोअर घेऊन उरलेला पैसा कुलपाच्या कपाटावर आणि सरावावर खर्चावा. सराव नसलेल्या हातात महागडं हत्यारही घरच्यांनाच धोका.

बागायतदाराने मात्र भांडावं ते जुन्या बंदुकीसाठी. लोकसभेचं मतदान गोव्यात 2019 मध्ये 23 एप्रिलला आणि 2024 मध्ये 7 मेला झालं, दोन्ही वेळा काजूच्या हंगामात. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, त्याची पीकरक्षणाची बंदूक सरसकट जमा करून घेऊ नये. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक परवाना तपासून निर्णय घ्यावा.