विजेच्या हिशेबावर शिक्का कोणाचा?

१ जानेवारी २०२६पासून युरोपीय संघाने आपल्या सीमेवर कार्बनची जकात लागू केली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या निर्मितीत किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब मागावयाचा आणि त्यावर दाम वसूल करावयाचा, असा हा व्यवहार. दोन शतके कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या देशांनी, दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी असलेल्या भारतास पर्यावरणाचे धडे द्यावेत, यातील विसंगती उघड आहे. भारताने या जकातीस विरोध केला, तो योग्यच. तथापि निषेधाने जकात चुकत नाही. आपल्या मालाच्या कार्बनचा हिशेब आपण लिहिणार की ब्रुसेल्स, हा यातील मूळ प्रश्न आहे.

त्याचे मर्म विजेत दडलेले आहे. पोलाद व ॲल्युमिनियम यांना तूर्त सूट असली, तरी सिमेंट व खते यांच्या बाबतीत कारखान्याच्या धुराड्याबरोबरच त्याने वापरलेल्या विजेचा कार्बनही मोजला जातो. कारखाना वीज केंद्राशी थेट जोडलेला असेल किंवा त्याचा तसा खरेदी करार असेल, तरच प्रत्यक्ष आकडा मान्य, एरवी सरासरी. ती कोणत्या माहितीवरून काढावयाची, हेही तेच ठरविणार. आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदींनुसार देशातील विजेची सरासरी हजार युनिटमागे सुमारे ०.७ टन कार्बन डायऑक्साइड अशी आहे. म्हणजे वर्षाला १ कोटी युनिट वापरणाऱ्या कारखान्याच्या खाती सुमारे ७,००० टन पडतात. त्याने भर दुपारी उन्हाची वीज वापरली की मध्यरात्री कोळशाची, याची या सरासरीस दाद ना फिर्याद!

वीज कोठून आली हे तिच्यावर लिहिलेले नसते, हे खरे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उर्वरित भारताशी जोडली गेली आणि अवघा देश एका लयीत स्पंदू लागला. जैसलमेरचे ऊन, कोयनेचे पाणी आणि कोरब्याचा कोळसा आता एकाच जाळ्यात मिसळतात. परंतु कोणत्या केंद्राने किती वीज सोडली, याची नोंद आपली भारप्रेषण केंद्रे दर १५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ९६ वेळा ठेवतात. कोणत्या इंधनातून किती कार्बन निघतो, हेही ठाऊक आहे. या दोन वह्या एकत्र बांधल्या, तर विजेचा कार्बन घटकेघटकेला सांगता येईल.

मात्र वही विश्वासार्ह हवी. शिवकालीन राजपत्रांवर आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटे, ते एवढ्याचसाठी, की मागाहून कोणी एखादी ओळ घुसडू नये. आजचे डिजिटल तंत्र तेच काम करते. मीटरमधील चिपने प्रत्येक नोंदीवर आपली गुप्त सही करावयाची आणि प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफावयाची. मग जुना आकडा बदलताच पुढची सारी साखळी तुटते आणि लबाडी उघडी पडते.

यात धोका नाही काय? आहे. डिसेंबर २०१५मध्ये युक्रेनच्या वीजयंत्रणेत संगणकावाटे शिरून हल्लेखोरांनी लक्षावधी लोकांना अंधारात लोटले होते. म्हणूनच ही हिशेबाची यंत्रणा ग्रिडच्या नियंत्रणापासून अलग असावी, तिच्या किल्ल्या भारतीय संस्थेच्या हाती असाव्यात आणि मूळ माहिती भारतातच राहावी. तपशील उघड न करता एखाद्या विधानाची सत्यता पटविणारे गणिती पुरावे आज उपलब्ध आहेत. परकीय तपासनीसाला तेवढा पुरावा द्यावा. कारखान्याचे वेळापत्रक त्याच्या हाती देण्याचे कारण नाही.

ही वही आपल्यालाही बोचेल, हे लपविण्यात अर्थ नाही. २०२५मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगरजीवाश्म स्रोतांचा झाला, ही अभिमानाची गोष्ट. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचाच वाटा मोठा आहे. वर्षअखेरीस हरित प्रमाणपत्रे विकत घेऊन रात्रभर कोळशाच्या विजेवर यंत्रे चालविणाऱ्यांचे बिंगही या वहीत फुटेल. फुटू द्यावे. २०२३मध्ये अधिसूचित झालेल्या आपल्या कार्बन बाजाराची पतही अशा सचोटीवरच उभी राहील.

युरोप आपली वही लगेच स्वीकारील, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. ती मान्य करून घेणे हे वाटाघाटींचे काम आहे. पण वाटाघाटीच्या मेजावर रिकाम्या हाताने गेलेल्यास दुसऱ्याचे माप मुकाट्याने स्वीकारावे लागते. पारतंत्र्यात आपण ते पुरेसे अनुभवले आहे. स्वदेशी म्हणजे केवळ मालावरचा छाप नव्हे. आपले माप आपण ठरविणे आणि ते जगासमोर निःशंकपणे ठेवता येईल इतके खरे राखणे, हेही स्वदेशीच होय. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने या कामाचा मुहूर्त आता लांबवू नये.