‘डोया’ हा वाचादोष नव्हे

जळगावहून धुळ्याला जाताना वाटेत एरंडोल लागते. तिथल्या अनेक घरांत माय लेकराला अहिराणी बोलीत ‘डोया’ दाखवते, शाळेत बाई ‘डोळा’ शिकवतात, टीव्हीवर ‘आँख’ ऐकू येते आणि इंग्रजी माध्यमात घातले की ‘आय’ची भर पडते. बहुतेक मुले हे सगळे पचवतात. पण एखादे तीन वर्षांचे झाले तरी बोलत नसेल, तर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘घरात अहिराणी बंद करा, शुद्ध बोला’. दुसरा म्हणजे ‘घरात तीन-तीन भाषा आहेत, उशीर होणारच, थांबा, बोलेल’. आपल्या परदेशातल्या घरांत पहिला सल्ला थोडा वेष बदलून येतो: ‘मराठी सोडा, मुलाशी इंग्रजीच बोला’. वरवर हे सल्ले एकमेकांच्या उलट वाटतात, पण दोन्ही घरच्या भाषेलाच आरोपी ठरवतात. माझे म्हणणे असे, की ती आरोपी नाही. उलट मुलाला खरोखर दोष आहे की नाही हे तिच्याशिवाय कळत नाही, आणि उपचारही तिला वगळून नीट होत नाहीत.

आधी वेगळेपण आणि दोष यांतला फरक पाहू. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. हे चुकलेले मराठी नव्हे, नियमाने चालणारी बोली आहे. 2011च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी गटातल्या मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून अधिक होते. भारतीय भाषांचे सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने ती भिल्ल भाषांच्या खंडात घातली, इतरांनी मराठीची बोली मानली. तो वाद अभ्यासकांचा. लेकराच्या लेखी ती मायची भाषा. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंच्या बोलीतही ‘ळ’चा ‘य’ होतो, पण त्यांना स्पीच थेरपीची गरज होती असे कुणी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने 1983 सालीच स्पष्ट केले, की इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली हा वाचाविकार नव्हे. तोच न्याय इथे लावायचा. ‘पानी’ म्हणणारे मूल घरच्यांसारखेच बोलते आहे. पाच वर्षांचे होऊनही ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारे मूल घरात कुणासारखेच बोलत नाही, आणि तपासायचे आहे ते त्याला. हा भेद करायचा तर घरात कसे बोलतात हे तपासणाऱ्याला ठाऊक हवे.

दोन भाषांनी मूल गोंधळते, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. माँट्रियलच्या परिसरातील भाषादोष असलेल्या फ्रेंच-इंग्रजी मुलांची तुलना, तसाच दोष असलेल्या एकभाषी मुलांशी 2003 साली केली गेली. व्याकरणाच्या अडचणी दोघांच्या सारख्याच निघाल्या. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवरच्या 2005च्या अभ्यासात आणि स्वमग्न मुलांवरच्या 2012च्या अभ्यासात हेच दिसले: दुसऱ्या भाषेमुळे जास्तीचा उशीर झाला नाही. यातून दुसरी गोष्टही निघते. खरा दोष मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. इंग्रजीत अडणारे मूल घरी मराठीत भराभर बोलत असेल, तर त्याला इंग्रजीचा सराव कमी आहे एवढेच. दोन्हीकडे अडत असेल, तर ‘दोन भाषा आहेत म्हणून’ हे उत्तर खोटे आहे आणि थांबणे महागात पडणारे आहे. शब्द मोजायचे तेही सगळ्या भाषांतले मिळून. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द आणि ‘दूध दे’सारखी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, मग ते ‘मिल्क दे’ असले तरी चालते.

मोठ्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे. लकव्यानंतर वाचा गेलेल्या माणसाच्या सगळ्या भाषा सारख्या परततातच असे नाही. जन्मभर शेतात आणि बाजारात अहिराणी बोललेल्या आजोबांपुढे नुसते प्रमाण मराठीचे चित्रकार्ड धरले, तर त्यांचे काय गेले आणि काय उरले ते कळणार कसे? हैदराबादमध्ये 608 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्षाघातानंतर बुद्धीचे व्यवहार शाबूत राहिलेले द्विभाषिक सुमारे 40 टक्के, तर एकभाषिक सुमारे 20 टक्के होते. मात्र वाचा जाण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. म्हणजे जास्त भाषा येणे हे वाचेचे कवच नव्हे, पण ओझेही नव्हे.

यावर आक्षेप येतात. पहिला असा, की हे अभ्यास बहुतांशी युरोपीय भाषांचे आहेत. अहिराणीला कसे लागू करायचे? शंका रास्त आहे. पण मूल बोलायला शिकते ते समोरच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून, आणि ही गोष्ट कोणत्याही भाषेत बदलत नाही. तोडक्या इंग्रजीत किंवा अवघडलेल्या ‘शुद्ध’ मराठीत बोलायला लावलेली आई कमी बोलते, गोष्ट सांगत नाही, चिडवत नाही, रागावतेसुद्धा मोजून. ज्या मुलाला जास्त बोलणे ऐकायला हवे, त्याचाच खुराक आपण तोडतो. दुसरा आक्षेप: शाळा तर इंग्रजीतच आहे. असेना, इंग्रजी शिकवू नका असे कुणीच म्हणत नाही. तिसरा सर्वांत अवघड: थेरपिस्टला आपली भाषा येत नाही. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून तज्ज्ञ घडवते आहे, तरी तज्ज्ञांची गर्दी शहरांतच आहे, आणि परदेशात मराठी जाणणारा थेरपिस्ट मिळणे योगायोगच. पण थेरपी फक्त खोलीतल्या अर्ध्या तासात होत नसते. पालकांना तंत्र शिकवून त्यांच्याकडून करवून घेतलेले उपचार परिणामकारक ठरतात, हे 2011 साली अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले गेले आहे. तंत्र थेरपिस्टचे, भाषा आजीची, ही जोडी जमते.

म्हणून उशीर दिसला तर भाषा बदलू नका आणि वाटही पाहू नका. आधी कान तपासून घ्या. गावाकडच्या नातेवाइकांना सांगा, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि भाषेतला उशीर त्या यादीत आहे. आणि परदेशातल्या तपासणी केंद्रात फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा रकाना आला, की संकोचाने ‘इंग्रजी’ किंवा सवयीने ‘मराठी’ लिहून मोकळे होऊ नका. आजी व्हिडिओ कॉलवर अहिराणीत बोलत असेल, तर तिथे अहिराणी लिहा.