विश्लेषण : पाव किलोचे लढाऊ विमान, ताशी १०० किमी वेग… नियम फक्त वजनच का मोजतात?

स्टेशनरीच्या दुकानातला फोमबोर्ड, ग्लू गन आणि अंगठ्याएवढी मोटर. एवढ्या सामानात ताशी १०० किलोमीटरच्या आसपास उडणारे छोटे ‘स्पिटफायर’ घरच्या टेबलावर तयार होते. विमानशास्त्राचा इतका स्वस्त धडा क्वचितच मिळतो. पण भारतातील ड्रोन नियम या विमानाचे वजन पाहतात, वेग पाहत नाहीत. शिवाय नोंदणीसाठी त्याच्यात नसलेल्या भागाचा क्रमांक मागतात. ही गल्लत दुरुस्त होणे मुलांच्या आणि मैदानावरील लोकांच्याही हिताचे आहे.

फोमबोर्डचे विमान म्हणजे नेमके काय?

दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये हलका फोम असलेली, साधारण पाच मिलिमीटर जाडीची शीट म्हणजे फोमबोर्ड. शाळेचे प्रकल्प आणि प्रदर्शनातले फलक त्यावरच चिकटवलेले असतात. कटरने वरचा कागद आणि फोम कापायचा, खालचा कागद तसाच ठेवायचा. त्या कागदाची बिजागरी होते आणि शीट हवी तशी दुमडते. अशा घड्यांतून पंख आणि विमानाचे धड तयार होते.

बाकी सामान मोजके असते. मोटर, तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर, पंखांच्या झडपा हलवणाऱ्या दोन-तीन सर्व्हो मोटर, रिसिव्हर आणि लिथियम पॉलिमर म्हणजे लायपो बॅटरी. पंखांची लांबी ६० ते ७५ सेंटिमीटर आणि वजन पाव किलोच्या आगेमागे. विमान आपटले तर फोम फेकायचा आणि इलेक्ट्रॉनिक्स पुढच्या विमानात बसवायचे. खरा खर्च इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि तो बराचसा एकदाच होतो.

हा छंद पसरला कसा?

रेडिओ कंट्रोलची विमाने जुनीच आहेत. पूर्वी ती बाल्सा लाकडाची असत. एक विमान बनवायला कित्येक आठवडे जात आणि ते क्षणात मोडे. अमेरिकेत डॉलर स्टोअरमध्ये मिळणाऱ्या स्वस्त फोमबोर्डने हे गणित बदलले. ओहायोतील ‘फ्लाइट टेस्ट’ या गटाने २०१० पासून व्हिडीओ आणि मोफत आराखडे देऊन ही पद्धत जगभर नेली. मस्टँग, कॉर्सेअर, स्पिटफायर ही दुसऱ्या महायुद्धातील विमाने त्यात विशेष आवडीची. यातले स्पिटफायर आपल्याला परके नाही. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात भारतीय हवाई दलाने ते वापरले होते.

भारतातही एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवले जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्पर्धांसाठी विमाने बांधतात. फोमबोर्डमुळे हे शिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतून घरापर्यंत आले.

एवढे छोटे विमान इतके वेगवान कसे?

हिशेब शाळेच्या गणिताएवढाच आहे. या विमानांत अनेकदा रेसिंग ड्रोनची मोटर वापरतात. ती एका व्होल्टला मिनिटाला सुमारे २,३०० फेरे घेते. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची. म्हणजे मोकळी मोटर मिनिटाला २५,५०० फेरे घेईल. प्रोपेलरचा भार आला की ते साधारण तीन चतुर्थांश होतात, म्हणजे १९,००० च्या आसपास. साडेचार इंच ‘पिच’चा प्रोपेलर एका फेऱ्यात तत्त्वतः साडेचार इंच पुढे सरकतो. गुणाकार केला की सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटर येतात. हवेचा अवरोध वजा जाता ताशी १०० किलोमीटर ही कविकल्पना राहत नाही.

लढाऊ विमानच अवघड का?

कारण आकार लहान केला म्हणून हवा लहान होत नाही. लढाऊ विमानाचे पंख टोकाकडे निमुळते असतात. छोट्या प्रतिकृतीत ते टोक इतके अरुंद होते की वेग कमी पडताच तिथली उचल आधी संपते. एक पंख अचानक खाली पडतो आणि विमान गिरकी घेत जमिनीवर येते. याला ‘टिप स्टॉल’ म्हणतात. म्हणून जाणकार पंखाचे टोक मूळ विमानापेक्षा थोडे रुंद ठेवतात किंवा त्याची मागची कड किंचित वर वळवतात.

दुसरा शत्रू वजन. ७० सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद पंखाचे २५० ग्रॅमचे विमान साधारण ताशी २४ किलोमीटर वेगापर्यंत तग धरते. त्याच पंखावर वजन ५०० ग्रॅम झाले की ही मर्यादा ताशी ३४ वर जाते. हाताने फेकून उडवायचे असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. ग्लू गनचा सैल हात आणि गरजेपेक्षा मोठी बॅटरी विमान पाडते ते असे. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. तो मागे गेला तर विमान हातातून सुटताच नाक वर करते आणि कोसळते. पुस्तकात महिनाभर न कळलेला गुरुत्वमध्य इथे तीन सेकंदांत कळतो.

धोका किती खरा?

फोम मऊ असतो, पण नाकातली मोटर आणि बॅटरी मऊ नसते. प्रोपेलर तर सेकंदाला ३०० हून अधिक फेरे घेत असतो. २५० ग्रॅमचे विमान ताशी १०० किलोमीटरने आले तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ९६ ज्यूल होते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२० ज्यूल असते. तो चेंडू हेल्मेट आणि पॅड घातलेल्या फलंदाजाकडे येतो. विमान मैदानात चालणाऱ्या आजोबांकडे येऊ शकते.

आता दुसरे विमान पाहा. वजन दुप्पट, म्हणजे ५०० ग्रॅम, पण वेग ताशी ५०. त्याची ऊर्जा ४८ ज्यूल, हलक्या विमानाच्या निम्मी. ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. नियमांचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

भारतातील नियम काय सांगतात?

२५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत मानवरहित विमानांचे वर्ग वजनावर ठरतात. २५० ग्रॅमपर्यंत ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या विमानांना ‘मॉडेल’ म्हटले आहे आणि त्यांना प्रकार प्रमाणपत्रातून सूट आहे. नॅनोसाठी आणि बिगरव्यावसायिक मायक्रोसाठी वैमानिक परवाना लागत नाही. नॅनोला विम्याचीही सक्ती नाही. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही.

कागदावर हे उदार आहे आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे. अडचण तपशिलात आहे.

मग नियम अडखळतात कुठे?

पहिली अडचण वेगाची. मार्च २०२१ च्या नियमावलीत सेकंदाला १५ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरपेक्षा वेगवान नॅनो यंत्र वरच्या वर्गात धरले जात होते. साडेपाच महिन्यांत नवी नियमावली आली आणि ही अट गेली. युरोपीय महासंघात मात्र घरी बांधलेल्या यंत्राला सर्वात सौम्य वर्गात बसायचे असेल, तर वजन २५० ग्रॅमच्या आत आणि वेग सेकंदाला १९ मीटरच्या आत असावा लागतो. आपल्याकडे पंख्यासारखे तरंगणारे खेळणे आणि गोळीसारखे जाणारे मस्टँग एकाच रांगेत आहेत.

दुसरी अडचण नोंदणीची. विशिष्ट ओळख क्रमांक यंत्राच्या अनुक्रमांकाशी आणि त्यातील फ्लाइट कंट्रोलरच्या अनुक्रमांकाशी जोडला जातो. कारखान्यात बनलेल्या ड्रोनसाठी हे ठीक. फोमबोर्डच्या साध्या विमानात फ्लाइट कंट्रोलर नसतोच. रविवारी मोडलेले आणि बुधवारी नव्या पंखांनी उभे राहिलेले विमान जुने की नवे, याचे उत्तर कोणता अर्ज देणार?

तिसरी अडचण जागेची. मुंबई पोलिसांच्या मनाई आदेशांत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून आणि रिमोट कंट्रोलची मायक्रोलाइट विमाने एका दमात येतात. ही काळजी अनाठायी नाही. रशियाने युक्रेनविरुद्ध वापरलेल्या ‘गर्बेरा’ या ड्रोनमध्येही फोम आहे. पण सरसकट बंदीने घातपात करणारा थांबत नाही. थांबते ती विचारून, सांगून उडवणारी मुलगी. मग कुणी तरी गुपचूप, गर्दीच्या मैदानात उडवतो आणि धोका वाढतो.

काय करायला हवे?

एक, वेगाची अट परत आणावी. सेकंदाला १५ मीटरच्या आतली हलकी विमाने हरित क्षेत्रात आजच्यासारखीच मोकळी राहावीत. त्याहून वेगवान विमान, मग ते कितीही हलके असो, ठरलेल्या मैदानावरच उडावे. वेगवेड्या छंदिष्टांना हे जाचक वाटेल, पण मोकळीक टिकवायची तर ही किंमत रास्त आहे.

दोन, नोंदणी विमानाची नको, उडवणाऱ्याची हवी. अमेरिकेत मनोरंजनासाठी उडवणारा एकदा नोंदणी करतो आणि मिळालेला क्रमांक आपल्या सर्व विमानांवर लिहितो. इथे हे सहज जमण्यासारखे आहे.

तीन, प्रत्येक जिल्ह्यात वस्तीपासून दूर एखादा माळ ठरावीक वेळेसाठी राखून द्यावा. तिथे उडवणाऱ्यांसाठी आखलेली रेषा, माणसांवरून न उडण्याची शिस्त, लायपो बॅटरीसाठी वाळूची बादली आणि सामूहिक विमा एवढे पुरे. एनसीसी आणि अभियांत्रिकी महाविद्यालये ही जबाबदारी घेऊ शकतात.

ड्रोन उद्योगात पुढे जाण्याची भाषा देशात रोज होते. त्यासाठी लागणारे अभियंते आज आठवी-नववीत आहेत आणि त्यांच्या हातात फोमबोर्ड आहे. त्यांना अनुदानाच्या आधी गरज आहे ती न घाबरता विमान उडवता येईल अशा मैदानाची आणि त्यांच्या विमानाला लागू पडेल अशा अर्जाची.